अंदाज शून्यावर

आमच्या ह्यांचा आवाज गेला तेव्हा गल्लीतल्या चार बायका मला धीर द्यायला आल्या, आणि त्यातल्या दोघींच्या चेहऱ्यावर मला चक्क हेवा दिसला. मी त्यांना दोष देत नाही. ज्योतिराम चौगले या माणसाचा आवाज म्हणजे घरात बसवलेला कर्णा होता. एकतीस वर्षं त्यांनी कुस्तीच्या मैदानात निवेदन केलं. कोल्हापूर, सांगली, सीमाभागातल्या जत्रा, कुठंही मैदान भरलं की माईक यांच्या हातात. हौदातल्या लाल मातीत काय चाललंय ते मागच्या रांगेतल्या माणसाला दिसत नाही, तो यांच्या आवाजानं कुस्ती बघायचा. घरी आले तरी आवाज मैदानातलाच. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारची मांजर पळून जायची.

मग घशात गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक ठेवलं, श्वास तिथून. फुप्फुसातली हवा आता तोंडापर्यंत पोचतच नाही, त्यामुळं शब्द तोंडात तयार होतात पण त्यांना आवाज मिळत नाही. माणूस जगला आणि आवाज गेला, असा तो हिशेब.

पुढचे आठ महिने मी त्यांच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकले. सत्तावीस वर्षं पहिलीच्या वर्गाची बाई होते. पोरं अक्षर म्हणताना त्यांच्या तोंडाकडं बघायची सवय होती, ती कामाला आली. खरं सांगते, त्या आठ महिन्यांत मला माझा नवरा नव्यानं कळला. बोलायचं तर आधी त्यांना माझ्या समोर येऊन उभं राहावं लागायचं, आणि मला हातातलं काम टाकून त्यांच्याकडं बघावं लागायचं. संसारात पहिल्यांदाच आम्ही एकमेकांकडं बघून बोलत होतो.

पण ते सुखी नव्हते. मैदानांचे दिवस सुरू झाले तसं त्यांचं जेवण तुटलं. आता बऱ्याच जत्रांत यंत्रच निवेदन करतं. चार कॅमेरे कुस्ती बघतात, यंत्र डावाचं नाव सांगतं, एकही नाव चुकत नाही, आणि आवाज रेडिओवरच्या बाईसारखा गोड. हे मोबाईलवर ते लावून बसायचे आणि कुणीतरी आपल्या शेतात नांगर घातल्यासारखं तोंड करायचे.

अशात तेहसीन मुजावर आमच्या आयुष्यात आली. दवाखान्यातली वाचा-उपचार करणारी पोरगी, तिशीची, बोलायला फटकळ आणि हाताला हळुवार. तिनं ह्यांच्या हनुवटीखाली कातडीच्या रंगाची एक पातळ पट्टी चिकटवली.

"काका, तुमची जीभ, ओठ, जबडा सगळं शाबूत आहे," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं तोंड हलवता तेव्हा त्या स्नायूंत बारीक वीज खेळते. पट्टी ती वीज टिपते. खिशातलं यंत्र त्यावरून ओळखतं की तुम्ही कुठला शब्द बोलताय, आणि तो तुमच्या जुन्या आवाजात बोलून दाखवतं. लगेच, तुम्ही बोलता बोलता."

जुना आवाज कुठून आणायचा हा प्रश्नच नव्हता. लोकांनी मोबाईलवर घेतलेल्या कुस्त्या नेटवर पडल्या होत्या. तेहसीननं दोनशे तासांचा ह्यांचा आवाज गोळा करून यंत्राला ऐकवला.

अडचण एकच होती, आणि ती तिनं मला कागदावर लिहून समजावली. 'प', 'ब' आणि 'म' बोलताना ओठ सारखेच मिटतात. फरक असतो तो गळ्याचा आणि नाकाचा, आणि ह्यांच्या गळ्यात तर काहीच उरलं नव्हतं. मग यंत्रानं नेमका शब्द कसा ओळखायचा? एक तर थांबायचं. पुढची दोन-तीन अक्षरं येऊ द्यायची आणि मग बोलायचं. त्यात जवळजवळ एक सेकंद जातो.

"एक सेकंद म्हणजे काय मोठंसं," मी म्हटलं.

"बोलण्यात फार मोठा, काकी. एकाचं बोलणं संपलं की दुसरा साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्शात सुरू होतो. त्याहून उशीर झाला की ऐकणाऱ्याला वाटतं, हा अडखळला. म्हणून दुसरा उपाय. यंत्रानं थांबायचं नाही, अंदाज करायचा. काका सहसा कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द बोलतात हे त्यानं दोनशे तासांत शिकलंय. ते आधीच ओळखून बोलून मोकळं होतं."

यंत्रावर त्यासाठी एक गोल खुंटी होती, शून्य ते पाच. शून्यावर अंदाज अजिबात नाही, शब्द पुरता झाला की मगच आवाज. पाचावर आवाज ओठांच्या बरोबरीनं, कधी कधी ओठांच्याही पुढं.

"दोनावर ठेवा," तेहसीन म्हणाली. "पाचावर यंत्र तुमच्यापेक्षा तुमच्या सवयीचं जास्त ऐकतं."

ह्यांनी पहिला शब्द उच्चारला तो माझं नाव. "शालन!" दोनशे तास मैदानात ऐकून यंत्र शिकलेलं, त्यामुळं हाक अशी आली की जणू मी लांग बांधून हौदात उतरणार आहे. दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली. मी हसायला लागले आणि हसता हसता मला रडू फुटलं.

घरी आल्यावर ह्यांनी खुंटी पाचावर नेली, ती खाली येईना. मला त्यांचा हट्ट समजत होता. आठ महिने ज्याला दर शब्दासाठी थांबावं लागलं, तो माणूस आता कशाला थांबेल? पण मला एक गोष्ट दिसत होती जी त्यांना कुणी सांगणार नव्हतं. मला अजून त्यांचे ओठ कळत होते.

एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते. हे दारात आले. ओठ म्हणाले, "शालन, चल जरा..." आणि तेवढ्यात यंत्र खणखणीत बोललं, "शालन, चहा टाक!"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनीही माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हात हलवून नाही म्हणतील. पण ते खुर्चीवर बसले. मी चहा टाकला आणि ते प्यायले. पुन्हा सांगण्यापेक्षा यंत्राचं खरं करून घेणं त्यांना सोपं गेलं असावं. मला त्या चहाचा फार राग आला. आठ महिन्यांत जो माणूस मला भेटला होता, त्याच्या तोंडून जुना ज्योतिराम बोलत होता, आणि नवा त्याला बोलू देत होता.

मार्च महिन्यात वाघजाईवाडीच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष बापूसो खोत घरी आले.

"अण्णा, आवाज ऐकला तुमचा फोनवर. अंगावर काटा आला बघा," बापूसो म्हणाले. "पर मी सरळ बोलतो. कमिटीतली पोरं म्हणत्यात, यंत्रच लावूया, चूक होत न्हाई. मी म्हटलं, एक डाव अण्णांस्नी बघूया. ह्या वर्षी जमलं तर पुढं तुमचंच. न्हाई जमलं तर मग माझा बी इलाज न्हाई."

"जमणारच!" यंत्र म्हणालं. या वेळी ओठही तेच म्हणत होते.

मैदानाच्या दिवशी मी पहिल्यांदा ह्यांच्या शेजारी मंचावर बसले. गळ्याच्या भोकात माती जाऊ नये म्हणून ओला पंचा बदलत राहणं, हे माझं काम. हौदात ताक, हळद, लिंबू, तेल घालून मळलेली माती. भोवती पाच-सहा हजार माणसं. एका कोपऱ्यात हलगीवाले. निवेदकानं निकाल पुकारला की हलगी कडाडते, आणि हलगी कडाडली की माणसं हौदात उतरून जिंकणाऱ्याला खांद्यावर घेतात. निकाल पंचाचा असतो, पण एवढ्या गर्दीत पंचाची शिट्टी कुणाला ऐकू येते? माणसं निवेदकाच्या आवाजावर उठतात.

एवढ्या लोकांत चूक नको म्हणून ह्यांनी त्या दिवशी तेहसीनचं ऐकलं, पहिल्या चार कुस्त्या दोनावर झाल्या. आवाज जुनाच, पण डावाच्या मागून यायचा. पोरगा पट काढून मागं गेलेला असायचा आणि हे सांगत असायचे की तो पटाला हात घालतोय. मागच्या रांगेत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "अण्णा, गाडी चुकली!" ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी खिशात हात घातला आणि खुंटी पाचावर फिरवली. मी त्यांच्या मनगटाला हात लावला, त्यांनी तो बाजूला केला.

आणि काय सांगू, मैदान पेटलं. ज्योतिराम चौगले परत आला होता. घिस्सा, ढाक, एकचाक, डाव आणि आवाज एकाच क्षणी. म्हातारी माणसं उठून फेटे उडवत होती. बापूसो दोन्ही हात वर करून कमिटीच्या पोरांकडं बघत होते. मलासुद्धा वाटलं, जाऊ दे, चहा काय, टाकू रोज.

शेवटची, पहिल्या नंबरच्या इनामाची कुस्ती मुलींची होती. तेजल खोंद्रे ही नावाजलेली पैलवान, दोन वर्षं कुणाला हरली नव्हती. समोर अश्लेषा मगदूम, एकोणीस वर्षांची, अंगानं किरकोळ, एवढ्या मोठ्या मैदानात पहिल्यांदाच उतरलेली. वीस मिनिटांची कुस्ती. चौदा मिनिटं अश्लेषानं तिला दाद दिली नाही. मग तेजलनं तिला कमरेत धरून उचललं आणि पाठीवर टाकलं.

अश्लेषानं डोकं मातीत रोवलं आणि कंबर वर उचलून धरली. सगळा भार मानेवर. दोन्ही खांदे मातीपासून चार बोटं वर. तेजल वरून दाबतेय, आणि ती पोरगी मानेवर थरथरत गिरकी घ्यायला बघतेय.

"गेली... गेली... गेली..." आवाज चढत चालला होता. मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. ओठ म्हणाले, "निसटली!"

यंत्र म्हणालं, "चितपट! अश्लेषा मगदूम चितपट!"

हलगी कडाडली. माणसं बांध फुटल्यासारखी हौदात उतरली. आवाज ऐकून तेजलनं पकड सोडून हात वर केले. आणि अश्लेषानं अंग सोडून दिलं. तेव्हा तिची पाठ मातीला लागली, पहिल्यांदा. पंच शिट्टी फुंकत हात हलवत होता, त्याच्याकडं कुणी बघेना. तेजल खांद्यावर, गुलाल हवेत, आणि ती पोरगी मातीत बसून गुडघ्यात तोंड घालून रडतेय.

पुढं तेहसीननं मला सांगितलं ते असं. लोकांनी ज्या कुस्त्या नेटवर टाकल्या त्या सगळ्या निकाली झालेल्या होत्या. पाठीवर जाऊन निसटलेल्या पैलवानाची कुस्ती कोण जपून ठेवतो? त्यामुळं दोनशे तासांत तीनदा 'गेली' आलं की पुढं 'चितपट' आल्याशिवाय राहिलं नव्हतं. यंत्राच्या दृष्टीनं तिथं दुसरा शब्द असूच शकत नव्हता.

मंचावर मात्र त्या क्षणी ओठ काय म्हणाले हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बापूसो घामाघूम होऊन मंचावर चढले. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर थाप मारली.

"एक नंबर, अण्णा! पुढच्या वर्षीच्या निवेदनाचा मानाचा नारळ आत्ताच देतो."

ह्यांचे ओठ हलले, "नव्हती..." यंत्र म्हणालं, "नाद खुळा!"

बापूसो खदखदून हसले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. आठ महिने ज्या नजरेनं बघायचे तसं बघितलं, म्हणजे आता तू सांग. मी सांगू शकले असते. माईक माझ्या हाताच्या अंतरावर होता. पण मी मान हलवली.

"तुमचं तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "मी सांगितलं तर बायकोनं सांभाळून घेतलं म्हणतील."

त्यांनी खिशातून यंत्र बाहेर काढलं. खुंटी शून्यावर आणली, ती खट्ट करून थांबेपर्यंत. मग माईकसमोर उभे राहिले. ओठ हलले. मैदानात काहीच ऐकू आलं नाही. ते संपूर्ण शब्द नीट, पोरांना शिकवावा तसा उच्चारत होते, आणि यंत्र थांबून, बघून, मग बोलत होतं.

"माझी."

पुढच्या रांगा वळल्या.

"चूक. झाली."

हलगी थांबली.

"अश्लेषा मगदूम. चितपट. नव्हती. ती निसटली होती. मी. चुकीचं. पुकारलं."

आवाजात चढ नव्हता, लय नव्हती. यंत्राला हे वाक्य कुठल्या सुरात म्हणायचं तेच ठाऊक नव्हतं, कारण दोनशे तासांत ज्योतिराम चौगल्यानं स्वतःची चूक एकदाही कबूल केली नव्हती. मला विचारलं असतं तर मी एकतीस वर्षांचं सांगितलं असतं.

मैदानात गलका उठला. "यंत्र बंद करा!" "पैसं परत द्या!" बापूसोंनी कपाळाला हात लावला. तेजलचे वस्ताद तावातावानं मंचाकडं निघाले. पण तेजल खांद्यावरून खाली उडी मारून त्यांच्या आधी पोचली. गुलालानं तिचे डोळे लाल झाले होते.

"वस्ताद, मला बी पाठ लागल्यागत वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "पुकारलं म्हणून मी सोडलं. हिची पाठ नंतर लागली."

मग तिनं हौदात परत जाऊन अश्लेषाला दंडाला धरून उठवलं. अश्लेषा मंचाखाली येऊन उभी राहिली. मानेवर ओरखडे, नाकात माती.

"मला बी कळंना अण्णा," ती ह्यांना म्हणाली. "पाठ लागली न्हाई हे मला ठाऊक हुतं. पर तुमचा आवाज आला. म्हटलं, अण्णा म्हणत्यात म्हणजे लागली असणार."

यावर ह्यांनी नुसते हात जोडले. मला त्या पोरीची माया आली आणि ह्यांचा अभिमान वाटला, दोन्ही एकदम, आणि पंचा पिळायच्या निमित्तानं मी खाली वाकले.

पंचानं उरलेली सहा मिनिटं खेळवायचा निर्णय दिला. दोघींनी माती अंगाला लावली, हात मिळवले. ह्यांनी खुंटीला पुन्हा हात लावला नाही. शून्यावर निवेदन म्हणजे प्रत्येक डाव हुकणार हे ठरलेलंच. पहिलं मिनिट लोक हसले. मग ह्यांनी डावांची नावं घेणं सोडून दिलं. जे डोळ्यांना दिसत होतं आणि मागच्या रांगेला दिसणार नव्हतं, ते एकेक शब्द करून सांगायला लागले. अश्लेषाचा डावा हात थरथरतोय. तेजल तिच्या मानेकडं बघतेय. दोघींचा श्वास एकाच वेळी वर जातोय. असलं निवेदन त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, त्यामुळं यंत्राकडं त्याची सवयही नव्हती. मागची रांग हसायची थांबली. नंतर बोलायचीही थांबली. शेवटच्या मिनिटाला एवढ्या मोठ्या मैदानात मातीवर पाय घासल्याचा आवाज ऐकू येत होता.

कुस्ती बरोबरीत सुटली. पंचानं दोघींचे हात वर केले तेव्हा सगळ्यांनी ते आधीच बघितलं होतं. तरी माणसं मंचाकडं बघत थांबली. जरा वेळानं आवाज आला, "बरोबरीत." आणि मगच हलगी वाजली.

निघताना बापूसोंनी तो मानाचा नारळ दिला नाही. "पुढच्या वर्षीचं कमिटीत बघू, अण्णा," ते म्हणाले. "पोरं चिडल्यात. पर माणसं उठून गेली न्हाईत, ह्ये मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ह्ये मी कमिटीत सांगणार."

तेहसीनचा फोन आला, तिनं सगळं मोबाईलवर बघितलं होतं. निसटलेल्या कुस्त्याही यंत्राला ऐकवते, मग पाचावर ठेवलं तरी असं होणार नाही, असं ती सांगत होती. ह्यांनी तिचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ऐकव. पण. मी. शून्यावरच. ठेवणार." दोन शब्दांमधल्या वेळात पलीकडं तेहसीन वाट बघत राहिली.

परतीला कमिटीची जीप होती. ऊन उतरलं होतं, उसाच्या फडांतून रस्ता. हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांचं तोंड हलायला लागलेलं मला दिसलं. आवाजाच्या आधी मला सगळं कळलं असतं, पण मी मुद्दाम तोंड फिरवून बाहेर बघत बसले. त्यांचं बोलणं त्यांच्या आवाजात येऊ दे म्हटलं, लागू दे कितीही वेळ.

"त्या पोरीच्या. जागी. मी असतो. तर. उठलो नसतो. शालन."

मी त्यांच्या गळ्यावरचा पंचा नीट केला.

"आज उठलासा की," मी म्हटलं.